वेगाचा ओव्हरड्राफ्ट

कुठलीही वस्तू तिच्या मंजूर मर्यादेत गुण्यागोविंदाने नांदत असलेली आमच्या भाचेरावांना बघवत नाही. एका उन्हाळ्यात आला तेव्हा त्याने आमच्या गीझरचा थर्मोस्टॅट ‘मोकळा’ केला. (जळगावात, उन्हाळ्यात, गीझर! तो माणूस किती निःस्वार्थी आहे ते यावरून कळावे.) त्यापुढच्या खेपेला माझ्या स्कूटरचे पिकअप वाढवले, तेव्हापासून ती सिग्नलला उभी राहायला तयार नसते. २०२३ च्या दिवाळीत त्याची नजर टेबलाखालच्या संगणकावर गेली तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. पण माझ्या हातात चकली होती, आणि चकली हातात असताना माणूस सावध नसतो.

“मामा, हा केवढ्याला धावतो?”

“धावतो कसला? बसलेला असतो. तुझ्या पायाशीच आहे बघ.”

“अहो, प्रोसेसरचा स्पीड विचारतोय.” तोवर त्याने बायॉस नावाचा निळा पडदा उघडलाही होता. “३.६! ह्यात ४.३ चा दम आहे मामा. कंपन्या मुद्दाम कमी लिहितात. लोकांना माहीत नसतं.”

मी बी.कॉम. आहे आणि बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली आहेत. ‘लोकांना माहीत नसतं’ या वाक्याने सुरू झालेली प्रत्येक योजना कुठे जाऊन संपते ते मला ठाऊक आहे. तरीही मी गप्प राहिलो, कारण पुढचे वाक्य होते, “आणि फुकटात!” मध्यमवर्गीय माणसाचा कणा या एका शब्दापुढे कसा वाकतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

प्रकार असतो तो असा. मदरबोर्डवर एक घड्याळ असते, ते सेकंदाला दहा कोटी ठोके टाकते. प्रोसेसर त्या ठोक्यांना एका आकड्याने गुणतो. आमच्याकडे तो आकडा ३६ होता, म्हणून ३.६ गिगाहर्ट्झ. भाच्याने ३६ चा ४३ केला. एवढेच! बँकेत मी असे काही केले असते तर दुसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद हातात पडला असता. प्रोसेसरनेही पहिल्यांदा निलंबनच केले, म्हणजे पडदा काळा. मग भाच्याने व्होल्टेज १.२० चे १.३५ केले, आणि संगणक सुरू झाला. अर्धा तास त्यावर त्याने गेम खेळला, दहा मिनिटे कसलीशी चाचणी घेतली आणि ‘स्टेबल!’ असे जाहीर करून उरलेल्या चकल्या संपवल्या.

त्या संगणकात आमच्या सोसायटीचे हिशेब होते. चोवीस बिऱ्हाडे, गच्ची गळते, आणि खजिनदार मी. बँकेत नोकरी करणारा माणूस सोसायटीत राहायला आला की त्याला खजिनदार करतात, डॉक्टर आला की त्याला रात्री दोन वाजता उठवतात. याला इलाज नाही.

हिवाळा उत्तम गेला. मार्च-एप्रिलात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी दर बिऱ्हाडी पंचवीस हजार रुपये गोळा झाले. मे महिन्यात एका दुपारी ती फाइल उघडेना. ‘फाइल नासलेली आहे’ असे संगणकाने तटस्थपणे सांगितले. मी घाबरलो नाही. खजिनदार आहे, गाफील नाही. दर महिनाअखेरीस मी सगळ्या हिशेबांची झिप करून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवतो. एप्रिलची झिप उघडली : सीआरसी एरर. मार्चची उघडली : सीआरसी एरर. (सीआरसी म्हणजे बांधलेल्या गाठोड्यावरची बेरीज. गाठोडे सोडताना ती जुळली नाही, तर आतला माल भरला तो नव्हे असे समजावे.) फेब्रुवारीची मात्र बिनबोभाट उघडली. पावतीपुस्तके ऑडिटरकडे गेलेली. मग बँकेचे स्टेटमेंट घेऊन बसलो आणि फेब्रुवारीच्या पुढचे एकेक नाव पुन्हा चढवले. चेकवाल्यांची नावे सापडली. रोखीने भरलेल्या रकमा नुसत्या ‘कॅश’ म्हणून उभ्या होत्या, त्या मी तात्पुरत्या सस्पेन्सला टाकल्या. आमचे सेक्रेटरी फार कार्यक्षम आहेत. मी ‘तात्पुरत्या’ हा शब्द उच्चारेपर्यंत त्यांनी थकबाकीची यादी छापून नोटिसाही वाटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या काकू दाराशी उभ्या. वय पंच्याहत्तर. काका गेल्यापासून एकट्याच असतात. त्यांच्या एका हातात नोटीस होती : पंचवीस हजार रुपये पंधरा दिवसांत भरावेत, अन्यथा सालीना एकवीस टक्के व्याज लागेल. दुसऱ्या हातात दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली, आणि तिच्यात माझ्याच सहीच्या पाच पावत्या, पाच-पाच हजारांच्या. दर आठ-दहा दिवसांनी येऊन त्यांनी माझ्या हातात त्या नोटा मोजून दिल्या होत्या, आणि मी मोजून घेतल्या होत्या.

“भाऊ, माझ्याकडून काही मोजायचं राहिलं का हो?” त्यांनी विचारले.

त्या चिडल्या असत्या तर बरे झाले असते. चिडलेल्या ग्राहकाला काय सांगायचे ते आम्हाला ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवतात. पण हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. नोटिशीवर सेक्रेटरींची सही होती. आकडा माझा होता.

आता कारण शोधणे आले. ट्रायल बॅलन्स जुळत नसला की जुने हेडक्लार्क सांगायचे, फरकाला आधी नऊने भाग. भाग गेला तर कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत. मग दोनने भाग. तितक्याच रकमेची नोंद सापडली तर जमेचे नावे पडलेय. आणि एका वेळी एकच व्हाउचर तपास, नाहीतर चूक सापडेल पण कुठली ते कळणार नाही. याच शिस्तीने मी लागलो. आधी डिस्क तपासली : निर्दोष. रॅमची चाचणी रात्रभर लावली : निर्दोष. मग कपाळावर हात मारून घ्यावा अशी गोष्ट लक्षात आली. दिवाळी ते फेब्रुवारीपर्यंतच्या सगळ्या प्रती शाबूत होत्या, आणि मार्चपासूनच्या सगळ्या नासलेल्या. माझ्या हिशेबात चुका उन्हासारख्या चढत गेल्या होत्या.

दिवाळीत खोलीत चोवीस अंश असतात. मे महिन्याच्या दुपारी आमच्या त्याच खोलीत, खिडकीत वाळ्याचा कूलर घरघरत असतानाही, चाळीस. प्रोसेसरवरचा पंखा काही बर्फ तयार करत नाही. खोलीतली हवाच त्याच्या अंगावर ढकलतो. खोली सोळा अंशांनी तापली की चिपही तितकीच तापते. भाच्याने त्या यंत्राची परीक्षा दिवाळीत घेतली, आणि नोकरीवर लावले वैशाखात!

प्राइम९५ नावाचा एक कार्यक्रम आहे. जगभरचे हौशी लोक १९९६ पासून त्याच्यावर प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधत आहेत. त्यात एक छळचाचणी आहे. ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत अशी गणिते ती प्रोसेसरला तासन्‌तास घालते आणि उत्तर पडताळून पाहते. मी ती लावली आणि अकराव्या मिनिटाला बारापैकी एक धागा थांबला. पडद्यावर मजकूर असा की, राउंडिंग ०.५ आले, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होते. वाचकहो, मला रडू यायचे बाकी होते. त्या गणितात उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यावे लागते, मग त्याला वर किंवा खाली ढकलून पूर्ण करता येते. नेमके अर्धे आले तर वर ढकलायचे की खाली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बावीस वर्षे मी पन्नास पैशांचे राउंडिंग करत आलो. माझ्याच टेबलाखाली बसून माझाच संगणक त्या पन्नास पैशांवर घसरत होता, आणि वर तोंडाने काही बोलत नव्हता.

मग एकेक पायरी खाली उतरलो. ४.२ ला दोन तासांनी चूक. ४.१ ला रात्रभर स्वच्छ, दुसऱ्या दुपारी अडीच वाजता चूक. ४.० ला दुपारही निभावली. तेव्हा ‘ह्याची मर्यादा किती?’ या प्रश्नाला एक आकडा हे उत्तरच नाही. कुठल्या महिन्यात, किती वाजता, खिडकी उघडी की बंद, हे विचारल्याशिवाय मर्यादा सांगणारा माणूस ठार अडाणी तरी असतो किंवा कुणाचा तरी भाचा तरी.

व्होल्टेजचीही एक गंमत सांगतो. बायॉसमध्ये मंजूर केलेले १.३५, आणि प्रोसेसर कामाला जुंपला की त्याच्या हातात प्रत्यक्ष पडते १.२९. आमच्याकडे कर्जाचे असेच होते : मंजूर एक लाख, प्रोसेसिंग फी आणि विमा कापून हाती येतात पंच्याण्णव हजार. ही घसरण भरून काढायची सोयही बायॉसमध्ये आहे. ती चढवली तर भार एकदम उतरताना व्होल्टेज उसळी मारते. म्हणजे खड्डा बुजवायला गेलो आणि उंचवटा झाला. शिवाय हे सव्वा व्होल्ट तयार करतो मदरबोर्ड, बारा व्होल्टांतून. शंभर वॉट सव्वा व्होल्टवर द्यायचे म्हणजे ऐंशी अँपिअर. आमच्या घराचा मुख्य स्विच बत्तीसचा आहे. ते ऐंशी अँपिअर वाहणारे चिमुकले पुर्जे आमच्या स्वस्त बोर्डावर उघडेबोडके, डोक्यावर टोपीही नाही. हात जवळ नेला आणि तसाच मागे घेतला.

आता ओव्हरक्लॉकवाल्यांशी माझे सरळ भांडण आहे, ते मांडतो.

ते म्हणतात, कंपनी कमी लिहिते. अरे, लिहिणारच! एकाच चकतीतून निघालेल्या चिपा सारख्या नसतात. कंपनी त्या तपासते, वर्ग पाडते आणि त्या वर्गातली सगळ्यात मठ्ठ चिपही निभावून नेईल असा आकडा वर छापते. आमच्याकडे व्यापाऱ्याच्या गोदामात लाखाचा माल असला तर आम्ही पंचाहत्तर हजारच उचलू देतो. उरलेल्या पंचवीसला मार्जिन म्हणतात. ते भाव पडला, माल भिजला, उंदरांनी खाल्ला तर असते. चिपच्या आकड्यातले मार्जिन उन्हासाठी, धुळीसाठी, इन्व्हर्टरच्या रडक्या विजेसाठी आणि चिपच्या म्हातारपणासाठी असते. जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांनी चिप आतून झिजते, आज १.३५ वर भागते त्याला काही वर्षांनी अधिक मागते. मार्जिन हे कंपनीने लपवलेले धन नव्हे, ते माझे आहे. माझ्या मेच्या दुपारीसाठी ठेवलेले आहे. ते दिवाळीत उडवायचा अधिकार भाच्याला कुणी दिला?

ते म्हणतात, चालतंय ना? इथे तर माझा संताप अनावर होतो. ‘चालतंय’ म्हणजे काय? मशीन बंद पडत नाही म्हणजे चालतंय? बंद पडणारा संगणक हा प्रामाणिक नोकर. ‘साहेब, होत नाही’ म्हणून सांगून तो खाली बसतो. न बंद पडता चुकीचे उत्तर देणारा हा अफरातफर करणारा नोकर. वेळेवर येतो, नमस्कार करतो, आणि पाच वर्षांनी ऑडिटमध्ये सापडतो. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियमचा भागाकारच चुकत होता. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले की १.३३३८२० यायला हवे, यायचे १.३३३७३९. अमेरिकेतल्या थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने ते पकडले, आणि चिपा बदलून देण्यापोटी कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. दशांशाच्या चौथ्या घरातल्या चुकीसाठी! आणि आमच्या काकूंच्या पंचवीस हजारांवर ‘मामा, तेवढं चालायचंच.’

आणि मिळाले काय? वेग एकोणीस टक्क्यांनी वाढला. वीज मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत आणि वेगाच्या पटीत वाढते. कागदावर मांडून पाहिले तर एक्कावन्न टक्के. एकोणीसच्या परताव्यासाठी एक्कावन्नची गुंतवणूक सुचवणारा सल्लागार आमच्या शाखेत आला असता तर शिपायाने त्याला बाहेर काढले असते. बरे, त्या एकोणीसातही मेख आहे. आमचा प्रोसेसर मुळात ३.६ चा असला तरी एकट्या धाग्याचे काम आले की तो आपला आपण ४.२ पर्यंत चढतो आणि काम संपले की उतरतो. आकडा हाताने ४३ वर खिळवल्यावर हे शहाणपण बंद झाले. सोसायटीच्या फाइलसारख्या एकट्या कामात ४.२ च्या जागी ४.३, म्हणजे मला मिळाले अडीच टक्केसुद्धा नाहीत. एवढ्यासाठी मी पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला थकबाकीदार केले.

हे सगळे पूर्वीपासूनच खोटे होते असे मी म्हणणार नाही, हिशेबाला हिशेब. १९९८ मध्ये मी कॉलेजात असताना सेलेरॉन ३००ए नावाचा एक स्वस्त प्रोसेसर आला होता. त्याचा गुणक साडेचारला कुलूपबंद, पण मदरबोर्डची बस ६६ ची १०० केली की ३०० चा ४५० व्हायचा. चक्क दीडपट! त्याच वेगाचा पेंटियम टू कितीतरी पट महाग होता. पुष्कळ चिपांना तो ताण सोसायचा, आणि बस शंभरला आली की बाकीची कार्डे आपापल्या नेमक्या वेगावर चालायची. मधल्या ८३ वर ठेवणाऱ्यांच्या हार्ड डिस्क मात्र कुरकुरायच्या. तेव्हा त्या पोरांनी केले ते बरोबर केले. खिशात पैसे नव्हते, मार्जिन अवाढव्य होते, आणि त्यावर कुणाच्या गच्चीचा हिशेब नव्हता. आज ते मार्जिन कंपन्यांनी स्वतःच पिळून छापील आकड्यात घातले आहे. पिळलेल्या उसाला भाचेराव पुन्हा चरकात घालतात आणि रस येत नाही म्हणून व्होल्टेज वाढवतात.

कंपन्यांनाही मी सोडत नाही. इंटेलने २००० मध्ये शर्यतीच्या भरात १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बाजारात आणला आणि तो नीट चालत नाही असे दिसल्यावर त्याच ऑगस्टमध्ये परत मागवला. म्हणजे खुद्द कारखान्यातही एखादा भाचा असतोच. २०२४ मध्ये त्यांच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर लोकांकडे कोसळू लागले. प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, आणि झिजत होते. त्यांना आवर घालणारा मायक्रोकोड पाठवावा लागला, तीन वर्षांची वॉरंटी पाच वर्षांची करावी लागली. त्याच वेळी असेही उजेडात आले, की कित्येक मदरबोर्ड कंपन्या विजेच्या मर्यादा खोक्यातून काढल्यापासूनच उघड्या ठेवत होत्या. ग्राहकाने बायॉसला हातही लावला नाही, तरी त्याच्या नावावर ओव्हरड्राफ्ट चालू! जाहिरातीत ‘मोकळा गुणक’ म्हणून जास्त पैसे घ्यायचे आणि तो गुणक फिरवला की वॉरंटी नाही म्हणायचे, हा धंदा आम्ही बँकेत केला असता तर रिझर्व्ह बँकेने आमची शाखा बंद केली असती.

मी सगळे आकडे मूळपदावर आणले. बायॉसमधून मनासारखे होईना तेव्हा मदरबोर्डवरची रुपयाएवढी बॅटरी काढून पाच मिनिटे ठेवली आणि परत घातली. संगणकाला १ जानेवारीचा साक्षात्कार झाला, पण गुणक छत्तीसवर आला. छळचाचणी भर दुपारी दोन दिवस चालवली. एकही चूक नाही. मग ऑडिटरकडून पावतीपुस्तके आणली, प्रत्येक स्थळप्रत जुळवली, नवी यादी केली आणि काकूंकडे सेक्रेटरींना घेऊन गेलो. नोटीस परत घेतल्याचे पत्र त्यांनी दोनदा वाचले. पत्र दुधाच्या पिशवीत पावत्यांच्या मागे ठेवले. मग म्हणाल्या, “ह्याची पोच पाहिजे का तुम्हाला?” सप्टेंबरच्या सभेत हिशेब मंजूर झाले. मंजूर करताना चारजणांनी बेरीज स्वतः करून पाहिली. आधी कधीच केली नव्हती.

यंदाच्या दिवाळीत भाचेराव पुन्हा येणार असल्याचा फोन आला. “मामा, रॅमचं प्रोफाइल चालू केलंय का? फुकटात स्पीड मिळतो.” मी बायॉसला पासवर्ड लावल्याचे त्याला सांगितले. तो हसला, असले पासवर्ड बॅटरी काढली की जातात म्हणे. मीही हसलो. संगणकाचा डबा आता सौ.च्या दागिन्यांच्या कपाटात आहे, वायरी मागच्या फळीला भोक पाडून बाहेर काढल्या आहेत, पंख्याला हवा मिळावी म्हणून दाराला जाळी बसवली आहे, आणि किल्ली कुठे असते ते तिने मलाही सांगितलेले नाही.